आंबिवलीचे अठरा गोऱ्हे

मुंबईच्या बाजूला जाऊन आलेल्या माणसाला आमच्या जळगावात पहिला प्रश्न विचारतात तो समुद्राचा. पाहिला का, केवढा होता, पाय बुडवले का. मी परत आलो तेव्हा शेजारच्या काकांनीही तेच विचारलं. मी म्हटलं, समुद्र काही पाहिला नाही. आठवडाभर गोऱ्ह्यांचं खाणं पाहिलं. काका माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी आमच्या सौभाग्यवतीला हळूच विचारलं, "याची प्रकृती बरी आहे ना?"

प्रकृती उत्तम आहे. मी शेतकी शाळेत गुरांचा आहार हा विषय शिकवतो. म्हणजे फळ्यावर चाऱ्याचे आणि पेंडीचे आकडे मांडतो आणि मध्येच कधीतरी खिडकीबाहेर बघायला लागतो. एकदा माझी नजर तिकडे लागली की तास संपला, हे मुलांना आता पाठ झालं आहे. पुढे जे घडलं ते या स्वभावाला धरूनच घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

शाळेचे बैल म्हातारे झाले होते. नव्या जोड्यांची चौकशी चालू असताना आंबिवलीहून दत्तूचं पत्र आलं. दत्तू माझा बालमित्र. आम्ही एकाच गल्लीत वाढलो, एकाच शिक्षकाचा मार खाल्ला. गुरांच्या दवाखान्यात काही वर्षं काढून तो तीन वर्षांपूर्वी कल्याणजवळ आंबिवलीला गेला होता. पत्रात लिहिलं होतं की माझ्याकडे अठरा गोऱ्हे आहेत, सगळे दुभत्या जातीचे, खच्ची केलेले, दीड-दोन वर्षांचे. येऊन बघ आणि खरं काय ते सांग. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "दुभत्या गाईच्या पोटचा बैल म्हणजे नावाचाच बैल. कामाला जुंपला की बसेल. पण तुम्ही जाऊन या. तुम्ही घ्या म्हणालात तर घेऊ, नको म्हणालात तर विषय संपला." एवढा विश्वास माझ्यावर घरातही कोणी टाकत नाही.

घाटाखालचा हिरवा देश

श्रावण उतरणीला लागला होता. रात्रभर गाडीत पेंगत होतो. कसाऱ्याखाली कधीतरी जाग आली आणि क्षणभर कुठे आहे तेच कळेना. झोपलो तेव्हा बाहेर आमची काळी, भेगाळलेली जमीन होती. उठलो तर सगळं हिरवं. भातखाचरांत पाणी उभं, पाण्यात आभाळ, आणि आभाळात एक बाई इरलं घालून वाकलेली. गाडी आंबिवलीला थांबली नाही. फलाटावर दत्तू उभा असलेला मला दिसला, मी हात हलवला, त्यानंही हलवला, आणि मी कल्याणला जाऊन पोचलो. तिथून उलट्या गाडीने परत येईपर्यंत तो तिथेच उभा होता.

दत्तूच्या गळ्यात शिंप्यासारखी मोजपट्टी असते. त्या पट्टीने तो गोऱ्ह्यांच्या छातीचा घेर मोजतो आणि त्यावरून वजन काढतो. मला मिठी मारतानाही त्याचा हात सवयीने पट्टीकडे गेला. "वाळलास," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, गोऱ्हा समजू नकोस मला."

स्टेशनापासून पायवाटेने चालत गेलं की टेकाडाच्या उतारावर त्याचा वाडा लागतो. वाडा म्हणजे कुडाचं कुंपण घातलेली मोकळी जागा. मधोमध लांबच लांब गव्हाण, तिच्यावर पेंढ्याचं छप्पर, आणि पलीकडे खाली काळू नदीचं गढूळ पाणी. आमच्याकडे जनावर म्हटलं की दावं आलं, खुंटा आला. इथे दावंच नाही. अठराच्या अठरा मोकळे. कोणी लाल, कोणी कबरा, लांब पडलेले कान, कपाळ फुगीर. आम्ही फाटकात उभे राहिलो तेव्हा सगळे खात होते आणि एकानेही मान वर केली नाही. एक मात्र गव्हाणीच्या टोकाला उभा राहून बाकीच्यांकडे बघत होता. अंगाने सगळ्यांत भरलेला, तांबडा, पायात पांढरा.

"हा मुकादम," दत्तू म्हणाला. "आधी खातो, मग इतर नीट खातात की नाही ते बघत उभा राहतो."

हे गोऱ्हे मुंबईच्या गोठ्यांतून आले होते. तिथे दूध विकायचं असतं. नर वासरू म्हणजे फुकटचं तोंड. त्याच्या वाटणीचं दूध कोणी सोडत नाही, आणि ते काही दिवसांत आपोआप मरतं. दत्तू ज्या शेठकडे नोकरीला होता त्याच्या गोठ्यातली आणि आसपासची अशी वासरं त्याने मागून आणली. आणली तेव्हा त्यांना उभं राहता येत नव्हतं. सुशीलावहिनींनी, म्हणजे दत्तूच्या बायकोने, त्यांना भाताची पेज आणि ताक पाजून जगवलं. वासरू बादलीत तोंड घालत नाही. आपली बोटं त्याच्या तोंडात द्यायची, ते चोखायला लागलं की हळूहळू हात पेजेत बुडवायचा. अठरा वासरं, दिवसातून तीनदा. वहिनी हे सांगत होत्या तेव्हा भाकरी थापत होत्या, आणि भाकरीही तांदळाची होती. "इथे ज्वारी मिळत नाही असं नाही," त्या म्हणाल्या, "पण इथल्या हवेत ती लागत नाही तोंडाला."

जेवण झाल्यावर दत्तूने पायरीवर बसून मला सगळं स्पष्ट सांगितलं. जागा शेठची, गोऱ्हेही कागदोपत्री शेठचेच. दिवाळीनंतर त्याला इथे म्हशी ठेवायच्या होत्या. "तुमच्या शाळेने घेतले तर अठराही जण एका जागी राहतील, काम करतील. नाही घेतले तर व्यापारी उभाच आहे. आणि व्यापारी यांना औताला नेणार नाही, हे मी तुला काय सांगू? मी तुला भीड घालत नाही. बघ, मोज, आणि जे दिसेल तेच लिही."

रवंथाची वेळ

खाऊ घालण्याचं काम हिरूबाबांकडे होतं. हिरूबाबा तिथल्याच आगरी वस्तीतले, साठीच्या पुढचे, कमरेला लंगोटी आणि डोक्यावर टोपी, मध्ये काही नाही. तरुणपणी ठाण्याच्या मिठागरात राबलेले. गोऱ्ह्यांशी ते माणसांपेक्षा जास्त बोलत.

गोऱ्ह्यांचा मुख्य चारा भाताचा पेंढा. आमच्याकडे कडबा असतो. पेंढा म्हणजे आम्ही फार तर गादीत भरू. पण हिरूबाबा तो बारीक कापून आदल्या दिवशी पाण्यात काकवी आणि खडे मीठ कालवून त्यावर शिंपत. सकाळी त्याला असा वास सुटे की मलाच भूक लागे. त्यावर भुईमुगाची पेंड, भाताचा कोंडा, तुरीची चुणी आणि चिमूटभर हाडांचा चुरा. संध्याकाळी डोंगरउतारावरचं हिरवं गवत. नवीन काही द्यायचं तर त्यांचा एक नियम होता आणि तो कोणी मोडलेला त्यांना खपत नसे.

"पैल्या दिशी एक मूठ," ते मला म्हणाले. "दुसरे दिशी दोन. तिसरे दिशी तीन. पोटाला वलख पराया पायजे, मास्तर. येकदम दिला का पोट बोलतंय, तू कोन?"

पोटाला नव्या खाण्याची ओळख पडायला पाहिजे! मला मोठा आनंद झाला. हेच मी वर्गात पंधरा दिवसांचा तक्ता मांडून शिकवतो. पोटात चारा आंबवणारे जीव असतात, त्यांना नव्या धान्याची सवय व्हायला वेळ लागतो, घाई केली की पोटात आम्ल साठतं आणि जनावर आडवं होतं. हिरूबाबांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. नियम आवडणं आणि नियम पाळणं यांत किती अंतर असतं ते त्या वहीत लिहिलेलं नव्हतं.

दुपारच्या सुमाराला खाणं संपलं की हिरूबाबा फाटकावर आडवा बांबू टाकत. त्यानंतर आत जायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, बादली वाजवायची नाही. गोऱ्हे एकामागून एक गुडघे मोडून बसत आणि रवंथ करायला लागत. हिरूबाबा कुंपणाला टेकून मोजत राहत. "सोला... सतरा..." अठरावा बसून जबडा हलवायला लागला की ते स्वतः डोळे मिटत. ज्याचा जबडा हलत नाही त्याचं काहीतरी बिनसलंय, हे त्यांचं साधं गणित.

ती वेळ मी कधी विसरणार नाही. नदीवरून ओलसर वारा येई. पाऊस पडतोय की थांबलाय हे कळू नये असा पडत असे. अठरा जबडे आपापल्या लयीत फिरत, आणि त्या आवाजात दूरची गाडीची शिट्टीसुद्धा विरून जाई. मी फाटकाबाहेर कुंपणाला पाठ टेकून बसे आणि माझे विचार हळूहळू माझे राहत नसत. लहानपणी आजोळी ओसरीवर पडून ऐकलेले बैल, त्यांच्या श्वासाचा ऊबदार वास, सगळं वर येई, परत एकदा चघळलं जाई आणि खाली जाई. गुरांना जे निसर्गाने दिलं ते माणसाला अधूनमधूनच मिळतं, असं मला वाटलं. मग दत्तू येऊन मला हलवायचा, "उठ रे, घेर मोजायचेत."

ठाण्याचं मीठ

तिसऱ्या दिवशी मीठ संपलं आणि हिरूबाबा मला ठाण्याला घेऊन गेले. कल्याणला बाजारात मीठ मिळतंच, पण त्यांना ते पसंत नव्हतं. "धुतलेला मीठ माणसाना," ते म्हणाले. "ढोराना काला मीठ. चिखलाचा."

गाडीला गर्दी नव्हती. डोंबिवलीला फलाटापलीकडे भातखाचरंच होती आणि त्यांच्या कडेला चार-दोन नवी बंगलेवजा घरं, दारात तुळस, अंगणात वाळत घातलेली धोतरं. पुढे डोंगर आणि खाडी गाडीच्या दोन बाजूंना आले. मी एकदा या खिडकीशी, एकदा त्या खिडकीशी असा धावत होतो. हिरूबाबा डोळे मिटून बसले होते.

पावसाळ्यात मिठागरं बंद असतात. वाफ्यांत पावसाचं पाणी साचलेलं, आणि बांधावर उन्हाळ्यातल्या मिठाच्या राशी गवताने शाकारून ठेवलेल्या. लांबून वाटावं, झोपड्यांचं गाव आहे आणि माणसं कुठेतरी निघून गेली आहेत. वाफे, पाणी आणि आभाळ यांत कुठे रेघ नव्हती. बगळे उभे होते ते पाण्यात की ढगात, हेही सांगता आलं नसतं. त्या नादात मी बांध सोडला आणि गुडघाभर चिखलात गेलो. पाय वर आला, बूट आला नाही. हिरूबाबांनी खांद्यापर्यंत हात घालून तो काढला, उलटा करून पाणी ओतलं आणि माझ्या हातात दिला.

"जल्ला, कुठं बघत व्हते?" त्यांनी विचारलं.

"मीठ बघत होतो."

"मीठ पायाखाली नाय, त्या तिकरं हाय," ते म्हणाले, आणि एका राशीचं गवत बाजूला करून त्यांनी मला एक करडा खडा चाखायला दिला. खारट होताच, पण मागून मातीची कडसर चव येत होती. परत येताना गाडीत पोत्याला पाठ लावून आम्ही दोघेही झोपलो. कल्याणला एका भल्या माणसाने उठवलं नसतं तर मीठ आणि मी जळगावलाच पोचलो असतो.

चौथ्या दिवशी गोऱ्ह्यांची ताकद पाहिली. जू लावायचं वय अजून नव्हतं. दत्तूने हलका ओंडका दोरीने बांधून ओढायला दिला होता. मुकादमाने तो चढावर नेला, वर जाऊन थांबला आणि खाली बाकीच्यांकडे वळून पाहू लागला. त्याच्या मागून एकेक करून सगळ्यांनी तो नेला. खूर पाहिले, खांदे पाहिले, पाठीचा कणा चाचपला. पेंढ्यावर वाढलेल्या जनावराचं पोट सुटतं आणि हाडं दिसतात. यांचं तसं नव्हतं. माझा अहवाल मनात जवळजवळ तयार झाला होता. दत्तूला मी काही बोललो नाही, पण माझ्या तोंडावरून त्याला ते समजलं असावं. त्या संध्याकाळी तो गळ्यातली पट्टी काढून जेवायला बसला.

पोळा

"भाऊजी, इथे पोळा नसतो," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी श्रावणी अमावास्या होती. आमच्याकडे त्या दिवशी बैलाला न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, झूल घालतात, दारात ओवाळून पुरणपोळी भरवतात. त्या दिवशी बैलाने पोटभर गोड खाल्लं नाही तर घरधन्याला घास जात नाही. आंबिवलीला त्याच दिवशी बाया पिठोरीचं व्रत करतात आणि बैल रोजच्यासारखे बैलच असतात. त्यांचा मान दिवाळीच्या पाडव्याला. तेव्हा त्यांना गेरूने रंगवतात आणि पेटत्या पेंढ्यावरून पळवतात. हिरूबाबांनी मला हे सांगितलं होतं आणि पिठोरीसाठी एक दिवसाची रजाही मागून घेतली होती.

"तीन वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या वर्षी दारात बैल नव्हता. दुसऱ्या वर्षी हे सगळे एवढेएवढे होते, अंगात जीव नव्हता. यंदा..." त्यांनी फळीवरून खापर काढलं. खापर म्हणजे पालथ्या मडक्यासारखं मातीचं भांडं. त्यावर आम्ही खानदेशी माणसं हातभर रुंद, कागदासारखे पातळ पुरणाचे मांडे भाजतो. लग्न होऊन येताना त्यांनी ते गोणपाटात गुंडाळून आणलं होतं. एक टवका उडाला होता, बाकी शाबूत.

पोळ्याच्या सकाळी दत्तू पेंड आणायला कल्याणला गेला. अंगणात वहिनींनी चूल पेटवली आणि हातावर मांडा फिरवून खापरावर टाकायला सुरुवात केली. वस्तीतल्या दोन-तीन बाया तोंडावर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या. मला त्या वासाने भान राहिलं नाही. मी आत जाऊन गूळ घातलेला बाजरीचा खिचडा स्वतःच शिजवला, मुकादमाला न्हाऊ घातलं, गेरूने शिंगं रंगवली, कपाळाला कुंकू लावलं. मग लहान घमेलं भरून खिचडा त्याच्यापुढे ठेवला आणि वर दोन मांडे, वहिनींची पाठ वळली असता उचललेले. तो इतका मन लावून खात होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा दिवसांचा तक्ता मला आठवला नाही असं म्हणणार नाही. आठवला, आणि मी म्हटलं, आज पोळा आहे.

दत्तू आल्यावर आम्ही जेवलो. त्याने कल्याणच्या पेंडीची प्रत बिघडली हे सांगता सांगता दोन मांडे संपवले आणि तिसरा नको म्हणाला. मी चार खाल्ले. मग रवंथाची वेळ झाली आणि आम्ही दोघेही ओसरीवर आडवे झालो. फाटकावर बांबू टाकायला हिरूबाबा नव्हते. पाऊस भुरभुरत होता, अर्धवट झोपेत मला कुठेतरी बांगड्यांचा आवाज आला आणि आईच घरात वावरतेय असं वाटून फार बरं वाटलं.

आडवा

दुसऱ्या दिवशी उजाडताच हिरूबाबांची हाक आली. मुकादम गव्हाणीपासून दूर कुशीवर पडला होता. डावी कूस टरारून फुगलेली, डोळे आत गेलेले, श्वास आखूड. शिंगांवरचा गेरू तसाच होता. हिरूबाबा त्याच्या जबड्याकडे बघत होते. जबडा हलत नव्हता.

"काय खाल्लं याने?" दत्तूने विचारलं.

मी पुढे होऊन सांगितलं. खिचडा, गूळ, दोन मांडे. आहार शिकवणारा मास्तर, आणि त्याने हे केलं. दत्तू सोडा आणायला आत गेला. मला रागावला असता तर बरं झालं असतं.

मग दुपारपर्यंत एकच काम चाललं. खायचा सोडा पाण्यात कालवून बांबूच्या नळीने पाजला, नंतर गोडं तेल. हिरूबाबांनी डाव्या कुशीत मूठ रोवून दाबायला सुरुवात केली, दमले की दत्तू, तो दमला की मी. तिघांनी मिळून त्याला उभा केला आणि वाड्यात फिरवला, पुढे मी दोरी धरून, मागून दत्तू ढकलत. तो चार पावलं टाकून थांबे आणि वळून बाकीच्या सतरा जणांकडे बघे. ते सगळे कुंपणाला लागून उभे होते आणि एकानेही त्या सकाळी नीट खाल्लं नाही. वहिनी दारात पदराचं टोक हातात पिळत उभ्या होत्या. मला वाटलं, काळजीने.

दोन फेऱ्यांच्या मध्ये दत्तू गव्हाणीच्या कडेवर बसला. "तू सांगतोस तेवढ्याने पोट जड होईल," तो हळूहळू म्हणाला. "एक वेळचं खाणं टाकेल. पण एवढा धडधाकट गोऱ्हा आडवा पडणार नाही. तेवढ्याने हा पडला असेल, तर यांच्यात दमच नाही. तुमचे मुख्याध्यापक म्हणतात ते खरं. वरून भरलेले दिसतात, आतून पोकळ. दोन वर्षं मी पट्टीने हवा मोजत होतो."

"अरे, असं काय बोलतोस?"

"मी सांगितलं होतं ना तुला, जे दिसेल तेच लिही. हे दिसलं. हे लिही."

मी त्याला काय समजावणार? त्याचा हिशेब चुकत नव्हता. मीही तेच गणित करत होतो आणि माझंही उत्तर तेच येत होतं. माझा मूर्खपणा पुरेसा मोठा नव्हता, आणि त्या एका कारणाने अठराही जण नापास होत होते. मला पहिल्यांदाच वाटलं, दुप्पट दिलं असतं तर बरं झालं असतं.

दुपार उलटल्यावर मुकादमाच्या पोटातून मोठा आवाज झाला, मग ढेकर, मग शेण पातळ पडलं. हिरूबाबांनी फिरवणं थांबवलं. तो उभ्याउभ्याच बराच वेळ विचार केल्यासारखा राहिला. मग त्याच्या गळ्यातून काहीतरी वर आलं आणि खालचा जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरला. हिरूबाबा मटकन खाली बसले. "चावला," ते म्हणाले. "जगला रं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दत्तूने गोऱ्ह्याच्या मानेवर हात फिरवला, पण त्याचा चेहरा उजळला नाही. "जगला ते झालं," तो म्हणाला. "लिहायचं ते बदलत नाही."

संध्याकाळच्या उजेडात आम्ही ओसरीवर बसलो. मी वही काढली. दत्तू समोर, वहिनी उंबऱ्यात. मी एकेक वाक्य मोठ्याने म्हणत लिहीत गेलो, कारण नुसतं लिहिण्याचं धैर्य होत नव्हतं. "सर्वांत सशक्त गोऱ्ह्यास लहान घमेलंभर बाजरीचा खिचडा व दोन पुरणाचे मांडे दिले असता, दुसऱ्या दिवशी तो..."

"दोन नाही," वहिनी म्हणाल्या.

आम्ही दोघांनी वर पाहिलं.

"भाऊजींनी दोन दिले. मी दुपारी गेले होते, तुम्ही झोपलात तेव्हा. मी सात दिले."

वहिनी खाली मान घालून भरभर बोलत सुटल्या. "मला ठाऊक नव्हतं भाऊजींनी दिलेत ते. त्याची शिंगं रंगवलेली दिसली, म्हटलं नुसती शिंगंच रंगवली, कुणी भरवलं नसेल. एकच द्यायचा होता. तर त्याने माझी बोटं धरली, लहानपणी धरायचा तशी. मग मी देत गेले. सकाळीच सांगायचं होतं, पण हा पडलेला, आणि तुमच्याकडे बघून धीर होईना."

"सात?" दत्तू म्हणाला.

त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. वहिनींना वाटलं तो रागावला. त्या आणखी खाली वाकल्या. "नऊ," त्या म्हणाल्या.

"म्हणजे दोघांचे मिळून अकरा. आणि वर खिचडा." दत्तू उठून उभा राहिला होता. "तूप लावलं होतंस?"

"बुडवून दिले."

"बुडवून?"

"वाटीभर तूप संपलं. आणि उरलेलं पुरण, एक गोळा. एवढा." त्यांनी दोन्ही हातांनी दाखवला.

दत्तू माझ्याकडे वळला. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर रंग आला होता. "ऐकलंस? अरे, एवढ्याने थोराड बैल मेला असता. आणि हा दुपारी उठून रवंथ करतो. लिही. अकरा लिही. तूप लिही. पुरणाचा गोळा लिही, तिच्या दोन्ही हातांएवढा लिही."

"आणि कोणी दिले ते?" मी विचारलं.

"माझं नाव घाला," वहिनी म्हणाल्या. "दोष गोऱ्ह्याचा नाही हे समजायला हवं ना तुमच्या शाळेला. सुशीलाने दिले म्हणून लिहा."

मी दोनाचे अकरा केले. माझं नाव लिहिलं, त्यांचं लिहिलं. दत्तू हसत होता, डोळे पुसत होता, आणि मध्येच काहीतरी आठवून थांबला. "माझ्या ताटात दोनच होते," तो म्हणाला.

"तुम्ही तिसरा नको म्हणालात," वहिनी म्हणाल्या. "पेंडीचं सांगत होतात. दोन वर्षं तुम्ही जेवताना गोऱ्ह्यांच्याच खाण्याचं बोलता. आपल्या घराकडचं काही करावंसं वाटलं, कुणीतरी अजून हवं म्हणून खावं असं वाटलं. त्याने मागितलं."

दत्तूने गळ्यातली मोजपट्टी काढून खुंटीला अडकवली, मोरीवर जाऊन हातपाय धुतले, आत जाऊन पाटावर बसला, आणि पुरण थोडं तरी उरलंय का, असं त्याने विचारलं. नव्हतं उरलं. वहिनी डाळ निवडायला बसल्या. मी अठराही गोऱ्ह्यांची शिफारस लिहून खाली सही केली आणि मला हाक येईपर्यंत बाहेरच बसून राहिलो.